उन्हापावसातला साग

आमच्या बेळगावच्या घराच्या पडवीत एक सागवानी बाक आहे. वडिलांच्या वकिलीच्या काळी त्यांचे पक्षकार त्यावर बसत. आता माझे बसतात. पडवी पश्चिमेला उघडी असल्यामुळे मृगापासून हस्तापर्यंत पावसाची झड बाकाच्या अर्ध्या अंगावर सरळ येते, आणि पाऊस सरला की त्याच अर्ध्या अंगावर तिसऱ्या प्रहरचे ऊन पडते. इतक्या वर्षांत त्या भागाला राखेसारखा करडा रंग आला होता. काही वर्षांपूर्वी घर रंगवून घेतले तेव्हा हा करडेपणा माझ्या डोळ्यांत खुपू लागला आणि बाकही नवा करून घ्यावा अशी बुद्धी मला झाली. कारागिराने काचकागदाने घासून जुने लाकूड उजळ केले आणि त्यावर चकचकीत व्हार्निशचे तीन हात दिले. त्या दिवाळीत आल्यागेल्याने बाकाची तारीफ केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर व्हार्निशला बारीक चिरा गेल्या, तिसऱ्यानंतर त्याचे पापुद्रे सुटले, आणि पायांच्या बुडाशी लाकूड काळे पडून नखाला मऊ लागू लागले. इतकी वर्षे उघड्यावर राहून जे कुजले नव्हते ते संरक्षण मिळाल्यावर तीन पावसाळ्यांत कुजू लागले होते. कारागिराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले होते.

हरलेल्या दाव्याचे कागद पुन्हा पुन्हा वाचण्याची खोड वकिलाला असते. हे असे का झाले याची कागदपत्रे मी चाळू लागलो, आणि एका बाकापासून निघालेला हा शोध मला अरबी प्रवाशांच्या वृत्तांतांतून गोव्याच्या गोदीत, दमणच्या किनाऱ्यावर आणि सरतेशेवटी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या एका निकालापाशी घेऊन गेला. वाटेत जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम लाकडाचा स्वभाव पाहिला पाहिजे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. त्या नळ्या ज्या धाग्यांच्या बनलेल्या असतात ते सेल्युलोज आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा जो गोंद त्याचे नाव लिग्निन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लिग्निनला फोडतात. पाऊस तो फुटलेला अंश धुऊन नेतो. मागे उरतात ते फिकट धागे, आणि त्यावर सूक्ष्म बुरशीची छटा आली की लाकूड करडे दिसते. हा सारा व्यवहार अगदी वरच्या पापुद्र्यात चालतो. देवदारासारख्या मऊ लाकडाचीसुद्धा अशा रीतीने शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटरच झीज होते असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे, आणि कठीण लाकडाची त्याहून कमी. म्हणजे करडा रंग हे वार्धक्य खरे, पण तो रोग नाही. रोग निराळा आहे. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल लागते, आणि ती ओल टिकून राहावी लागते. भिजले आणि वाळले, पुन्हा भिजले आणि पुन्हा वाळले, अशा लाकडाला बुरशी सहसा धरत नाही.

आता व्हार्निशचे काय होते ते पाहा. व्हार्निश पारदर्शक असते आणि त्यातच त्याची मोहिनी असते. परंतु जे डोळ्यांना दिसू देते ते किरणांनाही आत येऊ देते. व्हार्निशच्या काचेखाली लिग्निन फुटतच राहते, त्याचा भुगा होतो, आणि व्हार्निश ज्याला धरून बसलेले असते तो आधारच सुटतो. शिवाय लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आकसते. कडक झालेले व्हार्निश त्याच्याबरोबर हलू शकत नाही. एक चीर पडली की पाणी आत जाते, आणि जाताना जी वाट त्याला सापडली ती बाहेर येताना सापडत नाही. माझ्या बाकाचे पाय शहाबादी फरशीवर पाणी पीत उभे होते, वरून त्यांना कवच घातलेले होते. दुसरे काय होणार होते?

घराच्या आतील सामानासाठी लाखेचे पॉलिश आणि व्हार्निश यांची योग्यता मोठी आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न उघड्यावरच्या लाकडाचा आहे. आणि उघड्यावरच्या लाकडाची जितकी जुनी आणि कसून घेतलेली परीक्षा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर झाली तितकी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. बागेतले बाक ही अलीकडची चैन. त्याआधी ऊन, पाऊस आणि खारे पाणी या तिघांच्या तावडीत दिवसरात्र राहणारे लाकूड म्हणजे होडी आणि गलबत.

इब्न जुबैर हा अंदलुसचा प्रवासी ११८३ साली तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात होता. तेथील शिवलेल्या नावांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. त्यांत खिळा नसतो, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवतात, आणि लाकूड व काथ्या हिंदुस्थानातून आणि येमेनमधून येतो, असे तो लिहितो. नाव बांधून झाली की तिला तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोपडतात, आणि या तिहींत माशाचे तेल सर्वांत चांगले. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याने दिलेले कारण. हे तेल लावायचे ते पाणी अडवण्यासाठी, असे तो म्हणत नाही. त्या समुद्रात खडक फार, म्हणून लाकूड लवचीक राहावे आणि धक्का सोसावा, यासाठी ते लावतात, असे तो सांगतो. पुढे शंभरेक वर्षांनी मार्को पोलोने होर्मुझच्या नावांविषयी लिहिले. त्यानेही डांबर नाही, माशाचे तेल चोळतात, हे नोंदवले. मात्र त्याला त्या नावा धोक्याच्या वाटल्या. व्हेनिसच्या माणसाला खिळ्यावाचून जहाज ही कल्पना पचणे कठीणच होते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हीच रीत आपल्या आठवणीच्या पल्ल्यापर्यंत चालत आली. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून वर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरायचे, चुना आणि तेल घोटून त्याचा लेप तळाला द्यायचा, आणि वरच्या लाकडाला माशाचे तेल पाजायचे. पाजणे हाच शब्द येथे योग्य. या परंपरेत सोळाव्या शतकानंतर एक नवा जिन्नस आला. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला, आणि बीच्या कवचीतून निघणारे दाट, काळपट, हाताला लागले तर फोड आणणारे तेल होड्यांना, जाळ्यांना आणि वाळवीच्या भीतीने घराच्या वाशांनाही लागू लागले. फेणीचे कौतुक सर्वांना आहे. या कवचीच्या तेलाचे उपकार आपल्या लेखनात फारसे आलेले दिसत नाहीत.

या सगळ्यात वस्तूइतकेच महत्त्व वेळापत्रकाला होते. पावसाळ्याच्या तोंडी होड्या वाळूवर ओढून घ्यायच्या, नारळीच्या झापांनी शाकारायच्या, त्याखाली वारा खेळता राहील एवढी जागा ठेवायची. आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्यापूर्वी त्या घासून, फटी तपासून, पुन्हा तेल द्यायचे. कोणी एका वर्षी लावलेले तेल दहा वर्षे टिकावे अशी अपेक्षाच करीत नव्हता. तेल हे पुढच्या वर्षापर्यंतचे होते. आज किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी फायबरच्या होड्या दिसतात आणि त्या ओढायला हलक्या व सांभाळायला सोप्या आहेत. कोळ्याने त्या घेतल्या म्हणून हळहळण्याचा हक्क पडवीत बसणाऱ्या वकिलाला नाही.

तेलाची कथा येथवर. पण या किनाऱ्याचे खरे भाग्य तेलात नव्हते, लाकडात होते. साग या झाडाचे युरोपीय नाव मल्याळी 'तेक्कु' या शब्दावरून पोर्तुगिजांच्या तोंडी 'तेका' झाले आणि तेथून सर्वत्र पसरले. सागाच्या गाभ्यात स्वतःचेच तेलकट द्रव्य असते. त्यात वाळवीला न मानवणारी रसायने आणि रबरासारखा एक अंश असतो. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळा खाते, साग खात नाही. आणि जहाज बांधणाऱ्याला हा गुण इतर सर्व गुणांहून मोठा वाटतो. अट एवढीच की लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्याचे हवे. सालीजवळचा पांढरा भाग नावाने साग असला तरी कुजण्याच्या बाबतीत इतर कोणत्याही लाकडासारखाच.

गोव्याला हे लवकर समजले. व्हाइसरॉय दों कॉन्स्तांतिनु द ब्रागांसा याच्या कारकिर्दीत, १५६० च्या सुमारास, गोव्याच्या गोदीत सागाचे एक मोठे जहाज बांधले गेले; 'सिंकु शागाश', म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, असे त्याचे नाव. लिस्बनमध्ये बांधलेली जहाजे गोव्याच्या तीनचार खेपांत खिळखिळी होत; हे मात्र सुमारे पंचवीस वर्षे त्या वाटेवर राहिले. ज्या किनाऱ्यावर साग उभा होता आणि तो तासणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या किनाऱ्याने ते बांधले होते.

आमच्या मराठी राज्यकर्त्यांनाही झाडाची किंमत ठाऊक होती. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी जे सांगितले आहे ते प्रसिद्ध आहे. साग, शिसव अशी रानातील झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावी, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षादोनवर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. कायद्याच्या विद्यार्थ्याला यात संपादनाची सूचना, संमती आणि मोबदला ही तिन्ही अंगे एका परिच्छेदात भेटतात. पुढच्या शतकात काय घडले ते याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे, आणि ते आपण पाहणार आहोत. तत्पूर्वी एका जहाजाची हकिकत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती मराठ्यांची, पोर्तुगिजांची आणि सागाची अशी तिघांची मिळून आहे.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज फ्रिगेटचे नुकसान केले. त्यानंतरच्या वाटाघाटींतून १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला आणि त्यान्वये दमणजवळच्या नगरहवेली परगण्यातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना द्यावयाची ठरली. गावे प्रत्यक्ष हाती पडली ती १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी. जहाजाच्या नुकसानीबद्दल महसूल द्यावा यात त्या काळी आश्चर्य नव्हते. पण नगरहवेली म्हणजे सागाचे रान होते. एका जहाजाच्या भरपाईत पेशव्यांच्या दरबाराने पुढच्या जहाजांचे लाकूड देऊन टाकले, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे.

त्या रानाच्या सागातून दमणच्या गोदीत एक फ्रिगेट बांधली गेली आणि २७ ऑक्टोबर १८४३ रोजी पाण्यात उतरली. राणी दुसरी मारिया द ग्लोरिया आणि तिचा पती फर्नांदु यांच्या नावांवरून तिचे नाव 'दों फर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया'. बांधकामावर पोर्तुगीज अधिकारी होता. सुतारांचा मुख्य मात्र इथला, पोर्तुगीज कागदांत ज्याचे नाव यादो सेमोजी असे उमटले आहे तो. परभाषेच्या लिपीतून जाताना नावाचे काय झाले असेल ते झाले. निदान नाव राहिले. त्याच्या हाताखालच्या शेकडो हातांचे तेवढेही राहिलेले नाही. दमणहून सांगाडा गोव्यास आला, येथे त्यावर डोलकाठ्या आणि शिडे चढली, आणि १८४५ साली ती लिस्बनला निघाली. पन्नास तोफांची ही फ्रिगेट पोर्तुगिजांच्या भारताच्या वाटेवर चाललेली शेवटची शिडाची युद्धनौका ठरली. १८७८ पर्यंत तिने एक लाख सागरी मैलांहून अधिक अंतर कापले.

त्यानंतर तिचे आयुष्य टॅगस नदीत नांगरलेल्या शाळेचे झाले: आधी तोफखान्याची, आणि १९४० च्या दशकापासून गरीब मुलांच्या शिक्षणाची. १९६३ साली दुरुस्तीचे काम चालू असताना तिला आग लागली. जळून उरलेला सांगाडा नदीच्या चिखलात एका अंगावर कलून पडला आणि जवळजवळ तीस वर्षे तसाच राहिला. १९९२ साली पोर्तुगीज आरमाराने तो वर काढला, वर्षानुवर्षे दुरुस्ती केली, आणि १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात ती फ्रिगेट पुन्हा पाण्यावर उभी राहिली. आज ती लिस्बनच्या समोरच्या काठावर, अल्मादा येथे, संग्रहालय म्हणून आहे. चिखलात रुतलेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि हवेवाचून बुरशी जगत नाही, म्हणून अशा स्थितीत गाभ्याचे लाकूड फार काळ तग धरते. आगीने जे नेले ते गेले. नगरहवेलीच्या सागाचा जो भाग चिखलाने धरून ठेवला तो दीडशे वर्षांनंतर हाती लागला.

इकडे त्या फ्रिगेटच्या रानाचा दावा न्यायालयात उभा राहिला होता. १९५४ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. आपल्याला दमणहून तेथे जाण्यायेण्याचा हक्क आहे असे म्हणत पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात १७७९ च्या तहाचा आणि त्या दोन सनदांचा सविस्तर विचार आहे. 'जागीर' आणि 'सरंजाम' या आपल्या शब्दांचा कीस तेथे परक्या न्यायाधीशांनी पाडला आणि निर्णय दिला की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. सार्वभौमत्व मानले गेले ते पुढे इंग्रजांच्या काळात. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता, आणि १९५४ साली भारताने वाट नाकारली त्यात कर्तव्यभंग झाला नाही, असा तो निकाल. नुसता महसूल ज्याला दिला त्याला तेथील झाड तोडण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. पण सरंजामदाराचा हक्क उत्पन्नापुरता, मूळ धनापर्यंत पोहोचत नाही, हे तत्त्व लावले तर दीडशे वर्षांच्या सागाचा हिशेब कोणीतरी द्यावा लागेल. हा माझा धंदेवाईक चाळा आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दावा मुदतबाह्य आहे.

इंग्रजांच्या मुंबईत काय चालले होते? लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने त्या गोदीत सागाची जहाजे बांधली. 'मिंडेन' १८१० साली, 'कॉर्नवॉलिस' १८१३, 'वेलस्ली' १८१५, 'त्रिंकोमाली' १८१७, 'गँजेस' १८२१. त्यांतील 'त्रिंकोमाली' अजून तरंगते आहे. १९८७ साली ती हार्टलपूल येथे नेली गेली आणि तिच्या दुरुस्तीचे काम २००१ साली पुरे झाले. 'कॉर्नवॉलिस'चे लाकूड १९५७ पर्यंत शाबूत होते. 'वेलस्ली' १९४० साली टेम्स नदीत विमानांच्या बाँबफेकीने बुडाली. १९४८ साली तिला वर काढून मोडले, आणि तिचे काही लाकूड लंडनच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरले गेले अशी नोंद आहे. मुंबईच्या सुतारांनी तासलेला साग लंडनच्या वकिलांच्या अवतीभवती असेल, ही कल्पना मला आवडते.

या मोडलेल्या जहाजांपाशीच आपला मूळ विषय, उघड्यावरचा बाक, इतिहासात पुन्हा प्रवेश करतो. इंग्लंडात जुन्या युद्धनौका विकत घेऊन मोडणाऱ्या पेढ्या होत्या. लंडनच्या मिलबँक येथील कॅसल यांची पेढी त्यांत नावाजलेली. ब्लाइद बंदरात ह्यूज बोल्को यांची दुसरी. तांबे, लोखंड विकून झाले की साग उरे, आणि शंभर वर्षे समुद्रात राहिलेल्या त्या सागाचे बागेतले बाक, खुर्च्या आणि मेजे करून ते लोक विकत. बाकावर एक लहानशी पट्टी ठोकलेली असे, तिच्यावर जहाजाचे नाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा बाकांना इंग्रजांच्या बागांत मोठी मागणी होती. 'गँजेस' १९३० साली प्लिमथला मोडली गेली, आणि तिच्या कप्तानाची खोली डेव्हनच्या किनाऱ्यावरील बर्ग बेटाच्या हॉटेलात आजही आहे.

हे बाक कसे राखीत? बहुधा काहीच लावीत नसत, आणि ही सवयही जहाजावरूनच आलेली दिसते. जहाजाच्या डेकला व्हार्निश नसे. ओल्या पायांना त्यावर उभे राहायचे असे. खारे पाणी आणि वाळू टाकून खलाशी तो मऊ दगडाने रोज घासून काढीत, आणि डेक चांदीसारखा करडा होई. तो करडेपणा शिस्तीची खूण मानला जाई. बागेतला बाक तसाच करडा होऊ देणे ही तेथे अभिरुची झाली. आमच्याकडे तोच रंग पाहून मी कारागिराला बोलावणे धाडले.

आता जो शेजार मघाशी बाजूला ठेवला होता त्याकडे वळतो. मुंबईच्या गोदीला साग लागे तो मोठ्या प्रमाणावर मलबारचा. तो स्वस्त आणि अखंड मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला तेथे वनसंरक्षक नेमले. हिंदुस्थानातील तो पहिला. पुढच्याच वर्षी जाहीरनामा निघाला आणि खाजगी मालकीच्या जमिनीवरील सागही कंपनीचा ठरला. जमीनमालक आणि व्यापारी यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ साली, मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो असताना, ते पदच रद्द करावे लागले. संरक्षक हा शब्द आपल्या वनकायद्यात पहिल्याने आला तो अशा रीतीने: झाडाचे संरक्षण करावयाचे ते दुसऱ्याच्या कुऱ्हाडीपासून, आपल्या कुऱ्हाडीसाठी. 'त्रिंकोमाली' बांधली गेली ती याच वर्षांत. तिचे सौंदर्य मला मान्य आहे, पण आज्ञापत्रातील म्हाताऱ्या फणसाच्या धन्याला जो मान मिळाला तो मलबारातील सागाच्या धन्याला मिळाला नाही, हेही त्या लाकडात आहे.

पुढे १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनली याने निलांबूरला सागाची लागवड सुरू केली आणि चातू मेनन यांनी ती प्रत्यक्षात उभी केली; १८६५, १८७८ आणि १९२७ चे वनकायदे आले; स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६४ साली वृक्षतोड नियमनाचा कायदा केला, आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आला. महाराष्ट्राच्या कायद्याच्या मूळ परिशिष्टात साग, आंबा आणि फणस एकाच यादीत आहेत. अमात्यांनी हे पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते, हे सांगणे अवघड आहे. त्यांनी आंबाफणस वगळला होता तो सरकारच्या हातून, आणि येथे परवानगी मागावी लागते ती धन्याला.

आज बाजारात मिळणारा साग बहुतेक लागवडीचा. जावाचा, आफ्रिकेचा, दक्षिण अमेरिकेचा. तो लवकर कापलेला असतो, त्यात पांढरा भाग पुष्कळ आणि गाभ्याचे तेल थोडे. त्याचे बाक उघड्यावर ठेवले की ते लवकर दमतात, आणि मग डब्यातले 'सागाचे तेल' विकत आणले जाते. या नावाने ग्राहकाची फसगत होते असे माझे मत आहे. त्या डब्यात सागाचे काही नसते. जवसाचे किंवा तुंग झाडाच्या बियांचे तेल, थोडे व्हार्निश आणि पातळ करण्याचे द्रव्य असते. जवसाचे तेल वाईट नव्हे. उकळलेले, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते, लाकडात मुरते आणि आतल्या आत घट्ट होते. पण तेल हे बुरशीचे खाद्यही आहे, दमट हवेत त्यावर काळे ठिपके येतात, आणि जुन्या गाभ्याच्या सागाला त्याने रंग येतो, आयुष्य फारसे वाढत नाही. एक धोक्याची गोष्ट मात्र सांगून ठेवतो: या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते आपोआप तापते आणि पेट घेते. फडके पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून मग टाकावे.

माझ्या बाकाचे पुढे काय केले ते थोडक्यात. व्हार्निश खरवडून काढले. काचकागद लावू दिला नाही. पायांचे कुजलेले बूड बोटभर कापून टाकले, उघड्या पडलेल्या रेषांना आठ दिवस रोज पातळ तेल पाजले, कारण लाकूड पाणी पिते ते आडव्या अंगाने नव्हे, कापलेल्या तोंडाने. बाक पूर्वीइतका उंच राहावा म्हणून प्रत्येक पायाखाली दगडाचा ठोकळा दिला. त्यामुळे पाय फरशीवरच्या पाण्यापासून सुटले. आता दसऱ्याच्या सुमारास रिठ्याचे पाणी आणि काथ्याचा कुंचा घेऊन तो धुतो, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, जोर न करता. जोरदार पाण्याचे यंत्र आणून धुण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. त्याने वरचे मऊ धागे उखडून निघतात, म्हणून तो मानला नाही. मृगाच्या आधी पायांना पुन्हा तेल. बाकी अंगाला काही नाही.

करडा रंग परत येऊ लागला आहे. हाताच्या पट्टीवर, जेथे लोकांचे तळवे टेकतात, तेथे तो येत नाही, तिथले लाकूड तपकिरीच राहते. गेल्या श्रावणात आमचा एक जुना पक्षकार पाऊस ओसरण्याची वाट पाहत त्यावर बसला होता. पट्टीवर हात फिरवत त्याने विचारले, "वकीलसाहेब, याला पॉलिश कधी करून घेणार?" त्याच्या जमिनीच्या दाव्याची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मी त्याला आत बोलावले आणि सातबारा काढायला सांगितला.